'सूटिंग-शर्टिंग'मध्ये नेमकं काय चालू आहे? आयएनजीची भानगड, सोप्या भाषेत

मे महिन्यात भाची पुण्याहून सुट्टीला आली होती, सातवीत गेलीय आता, तिला घेऊन सोलापुरातल्या चाटी गल्लीत गेलो. बहिणीने साडीवर मॅचिंग ब्लाऊजपीस आणायला सांगितलं होतं आणि ते काम माझ्याच्याने एकट्याने होणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं. रस्त्यात एका दुकानाच्या पाटीपुढे पोरगी थांबली. पाटीवर लिहिलं होतं 'सूटिंग-शर्टिंग'. म्हणाली, "मामा, आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलंय की इंग्रजी शब्दाला शेवटी आयएनजी (-ing) लागलं की क्रिया चालू असते. मग सूटिंग म्हणजे काय चालू आहे?"

मी म्हटलं, "दुकान चालू आहे." वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर मला पण उत्तर येत नव्हतं.

2022 साली कायद्यात बदल होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, त्यावर बातम्या झाल्या, वाद झाले, पाट्या बदलल्या. अक्षरं देवनागरी झाली आणि शब्द तेच राहिले. मॅचिंग सेंटर, टायर रिमोल्डिंग, व्हील बॅलन्सिंग, वेल्डिंग, मोटर रिवायंडिंग, प्लंबिंग, कोचिंग क्लासेस. नवी पेठेतनं चालत सात रस्त्यापर्यंत गेलात तर वीस-पंचवीस तरी आयएनजी डोळ्यापुढनं जातील, आणि त्यातल्या एकाही पाटीवर कुठली क्रिया 'चालू' नसते. म्हणून म्हटलं एकदा बसून हे नीट लिहावंच.

## आधी आयएनजी म्हणजे काय ते बघू

इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी लागणारं हे शेपूट. आपल्याला शाळेत शिकवतात की हे चालू काळाचं शेपूट आहे, 'ही इज इटिंग', तो खातोय. बरोबरच आहे. पण हे त्या शेपटाचं एकच काम झालं. तेच शेपूट इंग्रजीत निदान तीन-चार वेगवेगळी कामं करतं, आणि आपल्या पाट्यांवर, बोलण्यात जे आलंय ते बहुतेक दुसऱ्याच कामाचं आहे. सगळा घोळ इथनं सुरू होतो.

दुसरं काम म्हणजे कामाला नाव देणं. मराठीत आपण 'पोहणं', 'शिवणं', 'रंगवणं' म्हणतो ना, 'पोहणं अंगाला चांगलं', तसंच इंग्रजीत 'स्विमिंग'. इथे कुणी पोहत नाहीये, नुसतं त्या कामाचं नाव घेतलंय. 'नो पार्किंग', 'नो स्मोकिंग' हे सगळं यातलं. सोलापूरकरांना तर हे फार आधीपासून माहीत आहे, 1870 च्या दशकात उभी राहिलेली जुनी मिल, तिचं कागदोपत्री नाव 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग', म्हणजे सूतकताई आणि विणकाम. आजही पूर्व भागात नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात जा, वायंडिंग, वॉर्पिंग, डाइंग हे शब्द इंग्रजीचा एक धडाही न वाचलेला कामगार रोज बोलतो. आणि बरोबर बोलतो.

तिसरं काम म्हणजे मालाचं नाव, आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ज्यापासून एखादी वस्तू बनते किंवा जे एखाद्या कामाला लागतं त्या सगळ्या मालाला इंग्रजीत आयएनजी लावायची जुनी पद्धत आहे. शर्टाचं कापड ते शर्टिंग, सुटाचं कापड ते सूटिंग, छताचं सामान रूफिंग, फरशीचं फ्लोअरिंग. मला वाटायचं सूटिंग-शर्टिंग हे आपल्याच दुकानदारांनी बनवलेलं असणार, तर नाही, इंग्रजांच्या कापडबाजारातला हा अस्सल शब्द आहे. आणि अंथरुण-पांघरुणाला 'बेडिंग', हा तर फारच जुना. म्हणजे आपली भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर इंग्रजी हिशेबात बेडिंगमध्येच मोडते, आणि तिथेही काहीच चालू नसतं, उलट माणूस झोपलेला असतो.

## एकाच शेपटाला एवढी कामं कशी?

कारण मुळात ती दोन शेपटं होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कामाला नाव द्यायचं तर 'उंग' किंवा 'इंग' लागायचं आणि 'करत असलेला' म्हणायचं तर 'एंडे' लागायचं. पुढे उच्चार झिजत झिजत दोन्ही एकाच रूपात येऊन मिसळली. जर्मन ही इंग्रजीची चुलत बहीण, तिच्यात ती अजून वेगळी आहेत, तिथे वर्तमानपत्राला 'त्सायटुंग' म्हणतात, घराला 'वोनुंग', हे 'उंग' म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या 'इंग'चं सख्खं भावंड.

आणि जाता जाता, आपल्याकडचा वायरमन 'वायरिन', 'फिटिन' म्हणतो, 'मिटिनला गेलते' असं ऐकू येतं, त्याला हसायचं कारण नाही. इंग्रज, अमेरिकन पण शतकानुशतकं 'गोइन', 'डुइन' म्हणत आलेत, आणि ते 'इन' त्या जुन्या 'एंडे'चा उरलेला तुकडा असावा असं भाषेचे अभ्यासक मानतात. 1958 साली जॉन फिशर नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या पोरांचं बोलणं तपासलं होतं, तर गुणी म्हणून ओळखलं जाणारं पोरगं 'इंग' जास्त म्हणायचं आणि जरा दांडगं असेल ते 'इन' जास्त. म्हणजे तिकडेही तेच, सरांपुढे 'मिटिंग' आणि कट्ट्यावर 'मिटिन'.

## आपण या शब्दांना मराठी कसं करून टाकलं

हा मला सगळ्यात भारी वाटणारा भाग आहे. शब्द आपण घेतला पण वागवला आपल्या घरच्यासारखा. मिटिंगचं अनेकवचन आपण 'मिटिंगा' करतो, "आज तीन मिटिंगा झाल्या." बिल्डिंगचं 'बिल्डिंगा'. पार्किंगला '-मध्ये' लावतो, बुकिंगला '-चं' लावतो.

आणि लिंग बघा. ती मिटिंग, ती बिल्डिंग, ती बॅटिंग, पण ते ट्रेनिंग, ते बुकिंग, ते टायमिंग. हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. मी डोकं लावून बघितलं तर असं दिसतं की जिथे मराठीत आधीच स्त्रीलिंगी शब्द बसलेला आहे तिथे पाहुणा त्याच्या शेजारी बसतो, ती बैठक म्हणून ती मिटिंग, ती इमारत म्हणून ती बिल्डिंग, ती फलंदाजी म्हणून ती बॅटिंग. आणि बाकीचे बरेचसे नपुंसकलिंगात जातात कारण आपली कामाची नावंच तशी आहेत, ते करणं, ते जाणं, ते शिकणं. अपवाद सापडतील, वायरिंग 'जळाली' का 'जळालं' यावर एकाच घरात दोन मतं असतात. पण एकंदरीत बघता मराठी कानाने ओळखलंय की हे 'इंग' म्हणजे आपलं '-णं'. शाळेत न शिकवताच ओळखलंय.

अर्थ पण आपण आपल्या सोयीने वळवले. मिटवामिटवी, आधीच ठरवून ठेवणं म्हणजे 'सेटिंग'. कामासाठी नाहीतर मुलीसाठी मागे लागणं म्हणजे 'फिल्डिंग लावणे'. लग्नाच्या पंगतीत एखाद्याने तिसऱ्यांदा बासुंदी घेतली की "काय बॅटिंग चाललीय!" हे वाक्य लंडनमधल्या माणसाला शब्दशः सांगितलं तर तो बॅट शोधत बसेल.

'पार्किंग'चंच घ्या. आपण "पार्किंग फुल्ल आहे" म्हणतो तेव्हा जागा म्हणतो. इंग्लंडमध्ये त्या जागेला 'कार पार्क' म्हणतात, अमेरिकेत 'पार्किंग लॉट'. नुसतं 'पार्किंग' म्हणून जागा सांगणारे आपण आणि फ्रेंच लोक! तेही 'ल पार्किंग' म्हणजे गाडी लावायची जागाच म्हणतात. त्यांनी पळायला जाण्याला 'फुटिंग' म्हटलं आणि पार्टीच्या कोटाला 'स्मोकिंग'. शब्द उसना घेतला की मालक बदलतो.

## "पण 'वाहनतळ' म्हणा ना, मराठी शब्द काय मेलेत का?"

हा प्रश्न येणारच. नाही मेलेत. वाहनतळ चांगला शब्द आहे, मी लिहितो पण. पण तो फक्त जागा सांगतो. "इथे पार्किंग करू नये, हवा सोडली जाईल" यात 'वाहनतळ करू नये' म्हणता येत नाही, 'गाडी लावू नये' म्हणावं लागतं, जे खरं तर जास्त छान मराठी आहे. म्हणजे पाटी सुधारायचीच असेल तर शब्दाला शब्द ठेवण्यापेक्षा वाक्यच मराठीत विचार करून लिहावं असं माझं मत आहे. वेल्डिंगला 'संधान' लिहून उद्या कुणी गिऱ्हाईक आलं नाही तर वेल्डरने काय करायचं.

## चालू काळ समजून घ्यायला आपला माग बरा

आता शाळेत शिकवतात त्या पहिल्या कामाकडे येऊ, कारण चुका तिथे होतात.

यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे आहात असं समजा. कारखानदार म्हणतो, "हा माग चालतो." म्हणजे बंद पडलेला नाही, चालतो, आत्ता थांबवलेला असला तरी. आणि "माग चालू आहे" म्हणजे आत्ता खडाखडा आवाज येतोय, हात घालू नका. इंग्रजीत पहिलं साधं वाक्य, 'द लूम रन्स'. दुसरं आयएनजीचं, 'द लूम इज रनिंग'. एवढाच फरक. आधारकार्डावरचा फोटो आणि सीसीटीव्ही यांच्यात जो फरक तोच.

सोलापुरात तर यासाठी वेगळं रूपच आहे. पुण्याची माझी भाची 'करतेय' म्हणते, आपण 'करायलोय' म्हणतो, काहीजण 'करलालोय'. "काय करायलास बे?" "जेवायलोय." हे 'करायला लागलोय'चं आटलेलं रूप. आणि हे आपलं एकट्याचं पण नाही, विजापूरकडच्या कानडीत 'माडाकत्तीनि' म्हणतात, त्याची घडण बरोबर आपल्यासारखीच, 'करायला लागलोय'. भाची पहिल्या दिवशी हसली होती, चौथ्या दिवशी आईला फोनवर "मी टीव्ही बघायलेय" म्हणाली, तिकडे बहिणीने डोक्याला हात लावला असणार.

तर हे 'करायलोय' म्हणजे आपल्या घरचं आयएनजी. "मी पुण्यात राहतो" आणि "मी सध्या पुण्यात राहायलोय" यात काय फरक आहे ते कुठल्याही सोलापूरकराला विचारा. दुसऱ्यात तात्पुरतं असल्याचा वास येतो, मित्राच्या रूमवर असेल, नोकरी बघत असेल. इंग्रजीत अगदी हेच, 'आय लिव्ह इन पुणे' म्हणजे मुक्काम तिथेच, 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे' म्हणजे सध्या. त्यामुळे इंटरव्ह्यूमध्ये "आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स बर्थ" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कायमचं आणि तात्पुरतं एकदम ऐकू येतं. तिथे 'आय हॅव लिव्हड' पाहिजे.

## मग 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' का चुकतं?

कारण भाऊ असणं ही चालू असलेली क्रिया नाही. करायलोय-चाचणी लावा, "मला दोन भाऊ व्हायलेत", ऐकणारा आधी पेढे मागेल. 'आय ॲम हॅविंग अ बाईक' पण तसंच. पण 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे 'हॅव'चा अर्थ जेवणं आहे आणि जेवण चालू असू शकतं.

पण ही चाचणी सगळीकडे कामाला येत नाही, आणि खरा खड्डा तिथेच आहे. आपण बिनधास्त "मला दिसायलंय", "मला कळायलंय", "मला असं वाटायलंय" म्हणतो, प्रमाण मराठीत दिसतंय, कळतंय, वाटतंय. मराठीत हे शंभर टक्के बरोबर आहे. तेच उचलून इंग्रजीत ठेवलं की 'आय ॲम सीइंग द बोर्ड', 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम नॉट नोइंग' तयार होतं. म्हणजे चूक अडाणीपणाची नाही, मराठी चांगली येत असल्याची आहे! आपल्याकडे 'मला दिसतं' म्हणजे वस्तू माझ्याकडे येते, ती येत असू शकते, म्हणून 'दिसतंय'. इंग्रजीत 'आय नो', 'आय सी', 'आय लाइक' या क्रिया धरतच नाहीत, ती स्थिती धरतात, तलाव जसा असतो तसा. सिद्धेश्वर तलाव 'चालू' आहे असं आपण म्हणतो का?

## "मग मॅकडोनाल्ड्सवाले 'आय ॲम लव्हिंग इट' कसं म्हणतात?"

हे भाचीने विचारलं, आणि बरोबर विचारलं. नियम मुद्दाम वाकवलाय. 'आय लव्ह इट' म्हणजे मला आवडतं, कायम. 'लव्हिंग' म्हणजे हा घास आत्ता तोंडात आहे आणि मजा येतेय, आपलं 'आवडायलंय'. गंमत म्हणजे ही मोहीम 2003 साली सुरू झाली ती जर्मनीत, म्युनिकला, आणि जर्मनमध्ये इंग्रजीसारखा चालू काळच नसल्यामुळे तिथे ती साधी 'इश लीबे एस' होती, नुसतं 'मला आवडतं'.

आणि इंग्रजी पण कुठे स्थिर आहे. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत 'घर बांधलं जातंय' याला इंग्रज 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणायचे. मग 'इज बीइंग बिल्ट' आलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणवाल्यांनी त्यावर केवढा दंगा केला, काय ही घाणेरडी रचना म्हणून. आज तीच रचना पुस्तकात बरोबर म्हणून छापतात. तेव्हा आपल्याकडचं 'हॅविंग' ऐकून लगेच नाक मुरडू नये. भारतीय इंग्रजीची ही ओळखीची खूण आहे, अभ्यासकांनी तिची नोंद केलेली आहे. फक्त परीक्षेत मार्क जातात आणि परदेशी क्लायंटपुढे माणूस अवघडतो, म्हणून फरक माहीत असलेला बरा.

## 'आय ॲम बोरिंग' म्हणू नका बे

"मला बोअर होतंय", यात 'होतंय' आहे म्हणून पोरं 'आय ॲम बोरिंग' म्हणतात. त्याचा अर्थ होतो मी पकाऊ माणूस आहे. सोप्पं आहे, आयएनजी म्हणजे पकवणारा, ईडी म्हणजे पकलेला. भाषण बोरिंग, ऐकणारा बोअर्ड. मॅच एक्सायटिंग, आपण एक्सायटेड. ईडी म्हणजे ती वाली ईडी नाही, तिच्यात पण माणूस पकलेलाच निघतो म्हणा.

## 'टू' की आयएनजी?

यावर क्लासमध्ये पानंच्या पानं पाठ करून घेतात आणि मराठीत त्याचं उत्तर आयतं पडलंय. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' आणि 'ही स्टॉप्ड टू स्मोक' यात काय फरक? पहिल्यात त्याने बिडी ओढायचं थांबवलं. दुसऱ्यात तो बिडी ओढायला थांबला. '-यचं' आणि '-यला', संपला विषय. पहिल्या वाक्यावर बायको खूश होते, दुसऱ्यावर नाही. हे सगळ्याच क्रियापदांना असंच लागू पडेल असं नाही. 'रिमेंबर', 'फरगेट'पुढे आयएनजी आलं की मराठीत '-ल्याचं' होतं, 'आय रिमेंबर लॉकिंग', कुलूप लावल्याचं आठवतंय, आणि 'टू' आलं की '-यला'. 'आय फरगॉट टू लॉक', कुलूप लावायला विसरलो.

ईमेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहितात ते मात्र चूक, तिथला 'टू' हा आपल्या '-कडे'सारखा आहे, त्याला पुढे नाम लागतं, म्हणून 'मीटिंग'. भेटण्याकडे डोळे लावून बसलोय. 'भेटायलाकडे' म्हणत नाही ना आपण.

## वेटिंग

भाचीला परत पाठवायचं होतं, हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं, कन्फर्म मिळालं नाही. स्टेशनवर वेटिंग रूममध्ये बसलो होतो. ती पाटी वाचून म्हणाली, "रूम वेट करत नाहीये, माणसं करायलेत." म्हटलं बरोबर, थांबण्याची खोली, दुसऱ्या कामाचं आयएनजी, ड्रिंकिंग वॉटर तसंच, पाणी काही पीत नसतं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, तिकिटाचं काय झालं म्हणून. पोरगी फोनवर सरळ म्हणाली,

"आई, आय ॲम वेटिंग ट्वेंटी थ्री."

मी चूक काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या वाक्यात नेमकं कुठलं आयएनजी आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चार्ट लागला तेव्हा सीट मिळाली होती, सदतीस नंबर, खिडकीची.